भोकं ठेवलेली बाग

लिंबाच्या त्या फांदीवर एकही पान धड उरलं नव्हतं, आणि नेमकी तीच फांदी लोकांना दाखवायला मी सकाळपासून अधीर झाले होते. काही पानं कडेनं कुरतडलेली, काही अर्धी, आणि शेंड्याकडे तर नुसत्या शिरा राहिलेल्या, कागद फाटून गेलेल्या पतंगाच्या कामट्यांसारख्या. तिथंच देठाला चिकटून करंगळीच्या दोन पेरांएवढी एक हिरवी अळी बसली होती. आठवड्यापूर्वी ती काळपट-पांढरी होती, पाखराच्या शिटेसारखी; कुणाही बुलबुलाची नजर तिच्यावरून घसरून जावी अशी. मग कात टाकून ती पानाच्या रंगाची झाली. तिला बोट लागलं की डोक्यामागून नारिंगी, दुबेळकं शिंग बाहेर येतं आणि एक उग्र आंबूस वास सुटतो. नको, लांब हो, असं म्हणायची तिची ती रीत.

ऑक्टोबरचा पहिला रविवार होता. पाऊस अजून पुरता गेला नव्हता. सकाळी एक सर येऊन गेली, आणि दुपारी तीनला ऊन असं पडलं की ओल्या मातीची वाफ पायांना लागत होती. आमच्या गल्लीत नऊ घरं. चार जुने बंगले आणि बाकीच्या तीन-तीन मजल्यांच्या इमारती. पुण्यात अशा गल्ल्या आता मोजक्याच उरल्यात. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं की एका रविवारी तीन ते सहा ज्यांच्याकडे माती आहे त्यांनी फाटक उघडं ठेवायचं आणि ज्यांच्याकडे कुंड्या आहेत त्यांनी दार. तिकीट नाही, बक्षीस नाही, भाषण नाही. कोकम सरबताचं पातेलं आमच्या ओट्यावर. अट एकच होती, वर्षभरात त्या बागेत फवारणी झालेली नसावी. नवातली सात घरं त्या अटीत बसली. हा आकडा मी त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

शेजारच्या इमारतीतल्या मुलानं फाटकाला पाटी लावली होती, ‘बाग उघडी आहे. पायरीवर मुंग्यांची रांग आहे, जपून या.’ आणि लोक खरंच पायरी ओलांडून, चपला हातात घेऊन आत येत होते.

कल्पना माझ्या धाकट्या बहिणीची. ती पंचवीस वर्षं इंग्लंडात आहे. तिकडे उन्हाळ्यात लोक आपापल्या घरची बाग एखाद्या दुपारी गावाला उघडी करतात, रस्त्याच्या कोपऱ्यावर पिवळी पाटी लागते, चहा आणि घरचा केक मिळतो. ही रीत १९२७ सालची. त्या वर्षी ६०९ बागा उघडल्या, माणशी एक शिलिंग घेतला, आणि जमलेले आठ हजारांवर पौंड घरोघर जाऊन रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांच्या कामाला दिले. शुश्रूषेतून सुरू झालेली गोष्ट आहे ही, म्हणून मला ती फार जवळची वाटते. बहीण फोनवर सांगत होती, “ताई, आता तिकडे कितीतरी बागांत गवत मुद्दाम वाढू देतात. आणि कुंपणाला भोक पाडतात, अगं. तेरा सेंटिमीटर बाय तेरा सेंटिमीटर. हेजहॉगला एका बागेतून दुसऱ्या बागेत जाता यावं म्हणून.”

हेजहॉग म्हणजे अंगभर काटे असलेला, ओंजळीत मावेल असा निशाचर जीव. रात्रभर गोगलगायी आणि किडे शोधत तो बागामागून बागा पालथ्या घालतो, आणि कुंपणं आली की अडतो. फोन ठेवून मी अंगणात गेले आणि वीत पसरून पाहिली. तेरा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. एवढीशी जागा सोडायची, आणि एका जिवाला सगळं गाव मोकळं.

आमच्या मागच्या भिंतीत असं एक भोक होतंच. पावसाचं पाणी जावं म्हणून बांधतानाच ठेवलेलं. त्यातून एक मुंगूस येतं, मोठा पाऊस पडला की भेक येतात, आणि सापसुरळी तर दिवसभर आतबाहेर करते. किती वर्षं मी त्या भोकाला जाळी बसवायची म्हणत होते! गवंड्याशी बोलणंही झालं होतं. बहिणीच्या त्या फोननंतर मी गवंड्याला नको म्हणून कळवलं आणि पलीकडच्या वहिनींना विचारून त्यांच्या बाजूची विटांची रास हलवली. रविवारी पाहुण्यांना बागेत फिरवायची सुरुवात मी तिथूनच केली. आधी भिंतीचं भोक, मग लिंबाचं पान.

हे लिंबाचं झाड आईनं लावलेलं. ती गेली त्या वर्षी मी त्याच्यावर औषध मारलं. आपल्याकडे ‘औषध मारणं’च म्हणतात, विषाला औषध म्हणायची ही सवय कधी लागली कोण जाणे, पण त्या शब्दानं माझा हात सैल केला एवढं खरं. आईचं झाड अळ्या खातायत हे मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ओट्यावर, कुंड्यांच्या कडांवर, तुळशीपाशी वेटोळं करून पडलेल्या अळ्या झाडून काढल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या कर्दळीत शिंपी पक्ष्यांच्या जोडीचं घरटं होतं. दोन पानं जुळवून, चोचीनं भोकं पाडून, कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे टाके घालून शिवलेलं. दिवसभर ती जोडी चोचीत अळ्या घेऊन येत असे. आठवड्याअखेर घरट्यातला चिवचिवाट थांबला. औषधामुळे की मांजरामुळे, मला कळायला मार्ग नव्हता. पण शिवलेलं ते पान वाळून गळेपर्यंत मी कर्दळीकडे पाहू शकले नाही. आईनं आयुष्यात लिंबावर काही मारलं नव्हतं. खाल्लेल्या फांद्यांना ती नुसता हात लावून पुढे जायची.

आपल्याला धड पान आवडतं. आवडतं एवढंच नाही, ते आपल्या भक्तीत आहे. महादेवाला बेल वाहायचा तो त्रिदळ, कुठं फाटलेलं नको, कुठं भोक नको. विड्याचं पान डाग पाहून निवडायचं. केळीचं पान जेवायला मांडायचं ते शेंड्यासकट, चीर न गेलेलं. एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथं मी लहानपणापासून जाते. गुलाबाच्या पाकळीइतकंच त्याच्या पानाकडेही परीक्षक निरखून पाहतात. त्या प्रदर्शनावर माझं प्रेम आहे, अजूनही मी पहिल्या दिवशी जाते. पण तिथल्या टेबलावर अळीला जागा नाही, आणि जिथं अळीला जागा नाही तिथं फुलपाखरू फक्त वाट चुकून येतं.

हे मला नीट उमगलं ते ठाण्याला. घोडबंदर रस्त्यावर ओवळा गावात एका कुटुंबानं आपल्या वाडीत फुलपाखरांसाठी झाडं लावली आहेत, ओवळेकर वाडी म्हणून ती सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या सहा जणी एका रविवारी पहाटे निघून तिथं जाऊन आलो. तोवर आम्ही फुलपाखरांसाठी म्हणून फुलंच लावत होतो, झेंडू, झिनिया, घाणेरी. तिथं पाहिलं तर एक मादी फुलांना ओलांडून थेट कढीपत्त्याकडे गेली. कोवळ्या पानावर उतरून तिनं पुढच्या पायांनी टकटक केली, क्षणभर थांबली, उडाली, दुसऱ्या पानावर तसंच केलं. फुलपाखराला पायांनी चव कळते. पान आपलंच आहे अशी खात्री पटल्यावर तिनं पोट वळवून एकच फिकट मोती तिथं चिकटवला. फूल ही तिची वाटेवरची पाणपोई. पान हे माहेर, बाळंतपणाला यायची जागा. आणि माहेर प्रत्येकीचं ठरलेलं असतं. लिंबू, कढीपत्ता, बेल यांच्या गोतावळ्यावर काळ्या-पिवळ्या लिंबू फुलपाखराची आणि कॉमन मॉरमॉनची अंडी. त्याच गोतावळ्यावर राणी पाकोळीचीही, जिला महाराष्ट्रानं २०१५ साली राज्य फुलपाखरू केलं. सोसायट्यांच्या भिंतींलगत शिपायांसारखे उभे असलेले सरळसोट अशोक, ज्यांच्याकडे कुणी मान वर करून पाहत नाही, त्यांच्यावर हिरव्या ठिपक्यांच्या टेल्ड जेची. कण्हेरीवर कॉमन क्रोची. तिचा कोष तर पानाखाली टांगलेला चांदीचा थेंब, इतका लखलखीत की त्यात आपला चेहरा दिसतो.

बहाव्याचं, टाकळ्याचं, एरंडाचंही असंच. टाकळ्याची भाजी आपण पावसाळ्याच्या सुरुवातीला खातो, उरलेली झुडपं पुढे पिवळसर पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या खातात. एका ताटात जेवणं म्हणजे हेच.

रविवारी सगळ्यात जास्त गर्दी मात्र माझ्या लिंबाशी झाली नाही. ती झाली गल्लीच्या टोकाच्या मावशींकडे. मावशी देवळासाठी हार करतात. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांचा हार लागतो, म्हणून त्यांच्या दारात रुईची तीन झाडं आहेत, त्यांच्या सासूबाईंच्या वेळची. गेल्या वर्षी एका शनिवारी हार ओवता ओवता त्यांना पानाखाली एक अळी सापडली, काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या मिशांच्या तीन जोड्या. त्यांनी ती झटकली नाही. पान बाजूला ठेवलं आणि संध्याकाळी मला बोलावून विचारलं, “हिनं उष्टं केलेलं पान देवाला कसं वाहू? आणि हिला काढून टाकून तरी कसं वाहू?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच ते शोधलं. तीन झाडांपैकी भिंतीकडचं झाड त्यांनी अळ्यांना सोडलं. हाराची पानं फक्त दोन झाडांची, आणि तीही उलटून, अंडं नाही ना ते पाहून. रविवारी त्या भिंतीकडच्या झाडाशी पाट टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला खाली वाकून दाखवत होत्या. अळी पान खाण्याआधी काय करते ते त्यांनी स्वतः पाहिलं होतं. रुईचा चीक दाट आणि चिकट, एकदम चावा घेतला तर तोंड बांधलं जाईल. म्हणून ती आधी पानात गोल चर कुरतडते, चिकाचा रस्ता तोडते, आणि मग त्या वर्तुळाच्या आतला भाग निवांत खाते. चिकातलं विष अंगात साठवते, आणि पुढे फुलपाखरू झाल्यावरही ते विषच तिची राखण करतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या केशरी पंखांच्या वाटेला जात नाही. “मारुतीच्या झाडाची अळी आहे,” मावशी म्हणाल्या, “तिला कोण हात लावणार?” त्यांच्या आवाजातला तो अभिमान मी शब्दांत पकडू शकत नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांकडे जिना चढून जावं लागत होतं, तरी लोक जात होते. आजोबा शाळेत विज्ञान शिकवायचे. गच्चीत त्यांच्या बारा कुंड्या आहेत वांग्याच्या, आणि त्या दिवशी त्यांनी कपाटातून जुना नादकाटा काढून ठेवला होता. वांग्याचं जांभळं फूल आपण पाहतो, पण त्याच्या मधल्या पिवळ्या परागकोशांची गंमत आपल्याला माहीत नसते. ते बाजूनं उकलत नाहीत. त्यांच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक असतं आणि पराग आत कोंडलेले असतात. आपल्या ओळखीच्या मधमाश्या, आग्या काय, सातेरी काय, फुलोरी काय, त्यांना बाहेर काढू शकत नाहीत. ते काम येतं भुंग्याला, आणि एका छोट्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या माशीला. ती फुलाला घट्ट धरते, पंख मिटलेले ठेवून नुसते छातीचे स्नायू थरथरवते, आणि त्या कंपानं पराग भोकातून उडून तिच्या अंगावर येतात.

आजोबांनी फुलाखाली काळा कागद धरला, नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि परागकोशाला टेकवला. कागदावर पिवळी भुकटी सांडली. मुलांनी श्वास रोखला होता. मग त्यांनी सगळ्यांना गप्प उभं केलं, आणि चार-पाच मिनिटांनी ती निळ्या पट्ट्यांची माशी खरीच आली. फुलावर बसली आणि नादकाट्यापेक्षा किती तरी उंच, तार षड्जातला एक तुटक सूर तिनं लावला. एक फूल, एक सूर. दुसरं फूल, पुन्हा तोच. एवढी वर्षं भरली वांगी केली. त्या भाजीच्या आधी असं एक गाणं होऊन गेलेलं असतं, हे मला साठाव्या वर्षी कळलं.

ही निळ्या पट्ट्यांची माशी मातीत घर करते. पोळं नाही, राणी नाही. प्रत्येक मादी आपापलं बीळ खणते. त्यासाठी तिला उघडी, न खणलेली, फरशी न घातलेली माती लागते. लहानपणी नागपंचमीला आई जमीन खणू द्यायची नाही, चिरू-कापू द्यायची नाही. त्या एका दिवसाच्या नेमात किती शहाणपण साठवलेलं होतं, याचा विचार मी आता करते. आमच्या सात बागांनी एक-एक कोपरा असा कायमचा नागपंचमीला दिलाय. तिथं कुदळ चालवायची नाही, झाडलोटही नाही. पालापाचोळा तिथंच कुजतो. पूर्वी हाच पाला गल्लीच्या तोंडाशी जाळला जायचा. आता तो इतका लाडका झालाय की ज्या दोन घरांत अजून फवारणी होते त्यांच्याकडचा पालाही आम्ही मागून आणतो.

भोकांचं म्हणाल तर ती जागोजाग होती. गुलाबाच्या पानांना कडेनं अर्धगोल कातरलेलं, जसं काही कुणी पंचिंग मशीन लावलंय. ते पानकाप्या माशीचं काम, पानाच्या त्या चकत्या गुंडाळून ती पोकळ काडीत आपल्या बाळांच्या खोल्या बांधते. एका मुलानं डब्यात बांबूच्या कांड्या भरून खिडकीला टांगल्या होत्या, त्यातल्या नऊ कांड्यांची तोंडं हिरव्या पानांनी बंद झालेली. कोपऱ्यावरच्या बंगल्यात शेवग्याची एक वाळकी फांदी गेली दोन वर्षं कापायची राहिली होती. गेल्या उन्हाळ्यात तांबटानं तिला गोल भोक पाडलं आणि आत संसार थाटला. आता त्या काकांनी फांदीला खालून टेकू दिलाय. मेलेल्या फांदीला टेकू देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात जो आदर दाटला तो सांगायला मी त्यांच्याकडे दोनदा गेले आणि दोन्ही वेळा नुसतं सरबत पिऊन आले.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ फाटकाशी थांबले, आत आले नाहीत. म्हणाले, “तुमचं सगळं छान आहे. पण डास? आणि साप आला म्हणजे?” त्यांची भीती खोटी नाही. दोन वर्षांपूर्वी गल्लीत डेंगी झाला होता, आमच्या घरातही. प्लेटलेट उतरत असताना रात्री जागून काढल्यात मी. म्हणून मी त्यांना आमच्या ‘कोरड्या दिवसा’बद्दल सांगितलं. डेंगीचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला त्याला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. दर शुक्रवारी आमच्याकडे कुंड्यांखालच्या ताटल्या, पाखरांची पाण्याची परळं, फ्रिजमागचा ट्रे, सगळं रिकामं होतं, घासलं जातं, वाळतं. धुराच्या फवाऱ्यानं उडणारे डास तेवढे मरतात, ताटलीतल्या अळ्या तशाच राहतात; आणि त्याच धुरात आजोबांच्या वांग्यावरच्या माश्या मरतात, डास टिपणारे चतुरही जातात. सापाचं म्हणाल तर आमच्याकडे कधीमधी दिसते ती धामण, बिनविषारी, उंदरांच्या मागावर आलेली. ते ऐकून घेत होते. पटलं की नाही माहीत नाही. पण जाताना त्यांनी विचारलं, “शुक्रवारी किती वाजता?” एवढ्यानंही मला बरं वाटलं.

पाचच्या सुमारास मी तळमजल्यावरच्या मुलीकडे गेले. ती कॉलेजात आहे, आई-वडील गावी, इथं एकटीच भाड्यानं राहते. तिच्याकडे बाल्कनीत तीन कुंड्या. एकीत तुळस, एकीत पानफुटी, आणि तिसरीत ‘काहीच नाही’. ती तसंच सांगते, काहीच नाही. तिसरीत तिनं लावलेलं मोगऱ्याचं रोप जगलं नाही, आणि आपोआप आंबुशी उगवली. त्या कुंडीशी गुडघे टेकून बसलं तर नखाएवढी फिकट निळी फुलपाखरं आंबुशीवरून या पानावरून त्या पानावर ठिपक्यांसारखी उडताना दिसतात. पेल ग्रास ब्लू. आंबुशी हे त्यांच्या अळ्यांचं अन्न. आम्ही शाळेच्या वाटेवर ती आंबट पानं खात होतो आणि त्याच पानांवर कुणाचं तरी बालपण चाललं होतं. मोठ्या बागांत माळी पहिल्यांदा काय उपटत असतील तर आंबुशीच.

पानफुटीचं तर याहून नवल. तिच्या जाड पानावर एक फिकट, अर्धपारदर्शक डाग होता. मुलीनं पान उजेडात धरलं. आत अळी. पानाच्या दोन कातड्यांच्या मध्ये, गर खात खात ती पुढे सरकत होती, आणि वरून ऊन आत झिरपत होतं. तिथं जमलेल्या आम्ही चौघी बराच वेळ काही बोललो नाही. एका लहान मुलीनं मात्र हळूच विचारलं, “तिला आतून आपण दिसतोय का?”

साडेपाचला आकाशात चतुर आले. दरवर्षी परतीच्या पावसाच्या सुमाराला ते असे येतात, गल्लीच्या वर, जांभळीच्या उंचीवर, शेकडोंनी, न थकता घिरट्या घालत. हे साधे पिवळसर चतुर पावसाच्या डबक्यांत वाढतात, आणि मग यांच्यातले लाखो वाऱ्याबरोबर अरबी समुद्र ओलांडून मालदीववरून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत जातात. तिकडे पाऊस असतो, तिकडे त्यांची पुढची पिढी होते. पंढरीच्या वाटेवर दिंडीला पाण्याचा तांब्या पुढे करणाऱ्याला जसं वाटत असेल तसं मला आमच्या गल्लीबद्दल त्या वेळी वाटलं. आपण त्यांच्यासोबत जाणार नाही. पण ते आपल्या दारावरून गेले.

सहाला पाहुणे पांगले. सरबताचं पातेलं रिकामं झालं होतं, ओट्यावर पायांच्या ओल्या खुणा होत्या, आणि मुलांनी भोक पडलेल्या पानांचे कागदावर काढलेले नकाशे विसरून ठेवले होते. एकानं लिंबाच्या पानाला ‘पूर्ण’ असा शेरा दिला होता. मी मागच्या बाजूला गेले तर सब्जाच्या वाळक्या तुऱ्यावर ओळीनं सात निळ्या पट्ट्यांच्या माश्या झोपलेल्या. या झोपतात त्या अशा, जबड्यानं काडी घट्ट धरून, पाय सोडून, अधांतरी. नर असतात हे. माद्या मातीतल्या बिळात. ही काडी मी गेल्याच आठवड्यात छाटणार होते.

मग फाटक लावायला गेले. आदल्या संध्याकाळपासून ते सताड उघडं होतं, टेबलं आणि कुंड्या आणायच्या म्हणून. एक पान ओढलं, दुसरं ओढलं, आणि कडी घालायला हात पुढे केला तो तसाच थांबला. कडी जिथं अडकते त्या लोखंडी पट्टीच्या खाली, गंजलेल्या वळणात, एक हिरवी अळी होती. आता ती खात नव्हती. शेपटाकडे रेशमाची गादी विणून तिनं पकड घेतली होती, छातीभोवती केसाहून बारीक धाग्याचा करगोटा ओढला होता, आणि अंग किंचित मागे टाकून ती निश्चल झाली होती. उद्यापर्यंत ती कात टाकेल आणि कोष होईल, आणि तो उघडायला आठ-दहा दिवस तरी लागतील.

मी लिंबाकडे जाऊन पाहिलं. ती सकाळची फांदी रिकामी होती.

घरात जाऊन आईच्या जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडून आणली, फाटकाची दोन्ही पानं वीतभर अंतर ठेवून तिनं सैलसर बांधली, आणि मुलाच्या त्या पाटीवर खडूनं दिवस लिहिला. बाग उघडी आहे, बुधवार, तारीख १५ पर्यंत.